झटके देणाऱ्या स्वस्त मॉडेल रेल्वे इंजिनाबद्दल

‘स्वस्त इंजिनाची मोटारच कमकुवत, म्हणून हळू चालवलं की झटके देतं’ असं मॉडेल रेल्वेच्या इंजिनांबद्दल एकाने म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. बऱ्याचदा मोटार ठणठणीत असते, तिला वीज तुटक मिळते. स्वस्त मॉडेलांत अनेकदा रुळातली वीज एकाच बोगीच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या एका संचाच्या) चाकांतून घेतलेली असते, त्यातही एखाद्या चाकावर पकडीसाठी रबरी रिंग, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून घेताना इंजिन उलटं करून सगळ्या चाकांना वीज घेणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या टेकतात का ते बघा. दोन्ही बोग्यांतून वीज घेणारं, फ्लायव्हील (वीज क्षणभर तुटली तरी गती टिकवणारं जड चाक) असलेलं जुनं इंजिन मिळालं तर नव्या स्वस्तापेक्षा तेच खुशाल घ्या. आमच्याकडे लातुरात उन्हाळ्यात धुळीचा कहर असतो. माझं इंजिन मे महिन्यात दर हातभर अंतरावर अडायचं. चाकांवरचं काळं पुट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि चार डबे घेऊन ते अगदी संथ सरकलं. सँडपेपर मात्र लावू नका, ओरखड्यांत मळ आणखी धरतो.

अजून एक, कमी पैशात आपल्या भागाची गाडी हवी असेल तर बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल करा. 1911 मध्ये लातूरला पोचलेली ही छोटी लाइन तेव्हा 762 मिमी रुंदीची होती, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर. एचओ या मॉडेलांच्या मापाच्या 1:87 प्रमाणात ती पावणेनऊ मिमी भरते, म्हणजे एन गेज या त्याहून लहान मापाच्या मॉडेलांचा 9 मिमीचा रूळ जवळजवळ तंतोतंत. एन गेजचं साधं, नीट चालणारं इंजिन घ्यायचं आणि त्यावर कार्डबोर्डची बॉडी चढवायची. मी सध्या तेच करतोय.