४५ हजारांत लॅपटॉप हवाय: अक्षर स्वच्छ दिसावं आणि मागच्या खोलीत वाय-फाय टिकावं

मुद्रितवाली_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते, घरून मुद्रितशोधनाचं काम करते. दिवाळी अंकांची प्रुफं जुलैपासून यायला लागतात, त्याआधी लॅपटॉप बदलायचाय. बजेट ४५ हजार, ओढूनताणून ४८. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. पीडीएफ, वर्ड आणि ब्राउझरमध्ये शब्दकोश, झालं. विंडोज मात्र हवंच, कारण माझे दोन प्रकाशक अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या फायली पाठवतात. तेव्हा क्रोमबुक घ्या, लिनक्स टाका असं कृपया सांगू नका.

अटी दोनच. पहिली स्क्रीनची. आत्ताचा लॅपटॉप १५.६ इंची, १३६६ बाय ७६८चा. शंभर टक्क्यांवर पान वाचलं तर ‘सर्वांनी’मधला रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग दिसतो. ‘प्र’ की ‘पृ’ हे बघायला नाक स्क्रीनला लावावं लागतं. झूम दोनशे केला की अक्षर दिसतं, पण ओळ मावत नाही. मग डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. वर झाकण जरा मागे कललं की पांढरं पान करडं होतं.

दुसरी अट वाय-फायची. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, माझं टेबल मागच्या बेडरूममध्ये. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. त्याच टेबलावर यांचा फोन झकास चालतो आणि माझ्या लॅपटॉपवर अंकाची पीडीएफ उतरेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात. मग दोष राउटरचा की लॅपटॉपचा?

वाशीला सेक्टर १७ मध्ये एका दुकानात जाऊन आले. तिथला मुलगा प्रत्येक लॅपटॉपवर हात ठेवून म्हणायचा, “फुल एचडी आहे मॅडम, आणि वाय-फाय तर सगळ्यांत असतंच.” त्यापुढे काही विचारलं की ईएमआयचा तक्ता पुढे करायचा.

खारघर_हिल

ताई, सेलमध्ये कार्डाची ऑफर लावून ओएलईडी स्क्रीनवाला बसतोय का बघा. माझ्याकडे आहे. काळा म्हणजे काळाकुट्ट दिसतो, सिनेमा बघायला तोड नाही. एकदा ओएलईडी बघितला की बाकीचं सगळं धुतल्यासारखं वाटतं.

नौपाडा_सोल्डर

ताई, मी नौपाड्यात लॅपटॉप दुरुस्त करतो. स्क्रीन बदलणं हे रोजचंच काम, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी खारघरच्या मित्राला. ओएलईडी पॅनेल सुरेखच असतं, पण ताई दिवसभर पांढरं पान उघडून बसणार. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे पांढऱ्या पानालाच सगळ्यात जास्त बॅटरी जाते. बरेच पॅनेल कमी ब्राइटनेसला भराभर चालू-बंद होऊन उजेड कमी करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं धरतं. आणि टास्कबार, टूलबार वर्षानुवर्षं एकाच जागी राहिले की त्यांचा ठसा उमटायची भीती. सिनेमाला घ्या, प्रुफाला नको.

आता ‘फुल एचडी’. यातून फक्त ठिपके किती ते कळतं, १९२० बाय १०८०. पॅनेल कुठल्या जातीचं, ते कळत नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये अजून टीएन पॅनेल येतात. झाकण कललं की पान करडं होतं म्हणालात ना, ते टीएनचंच लक्षण. तुम्हाला आयपीएस हवं, त्यात झाकण कललं तरी पान तसंच दिसतं. गोम अशी की एकाच नावाचा लॅपटॉप दोन्ही पॅनेलांत विकला जातो. लेनोव्होचा आयडियापॅड स्लिम ३ घ्या: कुठे २५० निट्सचं (निट्स म्हणजे उजेडाचं माप) टीएन, कुठे ३०० निट्सचं आयपीएस, नाव आणि रंग तोच. म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका, खोक्यावरचा पूर्ण नंबर बघा आणि कंपनीच्या साइटवर टाका. लेनोव्होची पीएसआरईएफ नावाची साइट यासाठीच आहे, पॅनेलपासून वाय-फाय कार्डापर्यंत सगळं लिहिलेलं असतं. एचपीच्या कागदावर ‘एसव्हीए’ दिसलं तर टीएन समजून पुढे चला. डेल ‘डब्ल्यूव्हीए’ लिहितं, ते चालेल.

कागदावर ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं तरी घाबरू नका. म्हणजे रंग फिके, एसआरजीबी या रंगांच्या नेहमीच्या मापाच्या साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास. फोटोवाल्याला ते चालणार नाही. तुम्ही काळ्यावर पांढरं, म्हणजे पांढऱ्यावर काळं वाचणार, तुम्ही रंगासाठी पैसे का मोजायचे? ते पैसे ठिपक्यांच्या दाटीत घाला. तुमच्या आत्ताच्या स्क्रीनवर इंचाला शंभरेक ठिपके आहेत. त्याच मापात फुल एचडी घेतलं तर १४१. १४ इंचात १९२० बाय १२०० मिळालं तर १६२, आणि उंची जास्त असल्याने पानाच्या चार ओळी जास्त दिसतात. स्क्रीन मॅट हवी. चकचकीत स्क्रीनमध्ये खिडकी आणि पंखा दोन्ही वाचावे लागतील.

वाय-फायसाठी आधी एक करा. तुमच्या टेबलावर बसून सेटिंग्ज, नेटवर्क, वाय-फाय, मग जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. खाली प्रोटोकॉल, नेटवर्क बँड आणि लिंक स्पीड असं येईल. ते इथे टाका.

मुद्रितवाली_ऐरोली

दादा, बघितलं. प्रोटोकॉल: वाय-फाय ४. बँड: २.४ गिगाहर्ट्झ. लिंक स्पीड: ७२ एमबीपीएस. यांच्या फोनवर ५ गिगाहर्ट्झ दाखवतंय. आमचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे, माझ्याकडे पंचविसाच्या वर जात नाही. संध्याकाळी तर दहा.

नौपाडा_सोल्डर

मग राउटरला शिव्या देऊ नका. ७२ आलं म्हणजे बहुधा तुमच्या लॅपटॉपच्या कार्डाला एकच अँटेना आहे आणि ते फक्त २.४ वर चालतं. ७२ हा कार्ड आणि राउटरमधला बोलण्याचा कमाल वेग, हातात त्याचा निम्माच येतो. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तुमच्या बिल्डिंगीतले सगळे राउटर त्या तिघांत कोंबलेले. संध्याकाळी सगळे घरी आले की दहा. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात अडथळा आणतो. यांचा फोन ५ वर जातो म्हणून सुटतो.

नवीन घेताना वाय-फाय ५ किंवा ६, आणि पुढे २x२ (म्हणजे दोन अँटेना) लिहिलेलं हवं. नुसत्या ‘वाय-फाय ६’वर भुलू नका, स्वस्तातल्या काहींत १x१ असतं, म्हणजे पुन्हा एकच अँटेना. असूसच्या साइटवर वाय-फायच्या ओळीत १*१ की २*२ ते स्पष्ट असतं. दुकानात तपासायचं तर फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, लॅपटॉप जोडा आणि त्याच प्रॉपर्टीज बघा. ४३३ किंवा ६०० आलं तर एक अँटेना, ८६६ किंवा १२०१ आलं तर दोन. फोन स्वतःच एका अँटेनाचा असेल तर मात्र ४३३ किंवा ६००च दिसेल, तेव्हा यांचा फोन घेऊन जा.

जुन्यातही कार्ड बदलून मिळतं, पण ही स्क्रीन ठेवून त्यावर खर्च करावा असं मला वाटत नाही.

कोपरीचे_काका

अहो, एवढं सगळं करण्यापेक्षा हॉलपासून बेडरूमपर्यंत इंटरनेटची कॅट ६ वायर टाका. स्कर्टिंगच्या कडेने जाते, दिसतही नाही. मी चौकटीच्या वरून नेली आहे, सूनबाईंना अजून पत्ता नाही. आणि ४५ हजार कशाला? नुसता २४ इंची आयपीएस मॉनिटर आणा आणि आहे त्या लॅपटॉपला जोडा. अक्षर हे एवढं मोठं दिसेल. सेकंडहँड थिंकपॅडही चांगले मिळतात, लॅमिंग्टन रोडला जाऊन या.

नौपाडा_सोल्डर

काकांचं वायरीचं शंभर टक्के पटतं. फक्त हल्लीच्या पातळ लॅपटॉपला ती वायर लावायचं लॅनचं भोकच नसतं, यूएसबीवर लावायचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल, गिगाबिटचा. सेकंडहँड घ्यायचा तर इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठवीच्या आधीच्या पिढ्यांवर विंडोज ११ कंपनीच्या नियमाने चढत नाही. थिंकपॅडचा आठव्या पिढीतला टी४८० चालतो, पण त्यातही १३६६ बाय ७६८वाले बरेच फिरतात. विकणारा ‘थिंकपॅड आहे’ एवढंच सांगतो.

मुद्रितवाली_ऐरोली

काका, मॉनिटरचा विचार केला होता, पण मला लॅपटॉप घेऊन प्रेसमध्ये बसावं लागतं. छपाईच्या शेवटच्या फॉर्मच्या वेळी तर रात्रीसुद्धा. मॉनिटर कुठे नेऊ? आणि वायर टाकायची तर आमच्या घरमालकांना विचारावं लागेल, ते भिंतीत खिळा ठोकला तरी येऊन बघतात.

काल ठाण्याला गोखले रोडवर जाऊन आले. पेनड्राइव्हवर गेल्या वर्षीच्या अंकाचं एक पान नेलं होतं, त्यात मुद्दाम बारीक टायपातली तळटीप. दुकानदाराने आधी नाही म्हटलं, मग त्यालाच उत्सुकता वाटली. दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, दोन्हींवर ‘फुल एचडी’ची चिठ्ठी. झाकण मागे ढकललं तर एकाचं पान लगेच राखाडी, दुसऱ्याचं तसंच. त्यालाही फरक दिसला, म्हणाला, “हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.” खोटं बोलत असावा.

मग १४ इंची, १९२० बाय १२००, आयपीएस, ३०० निट्स असा एक दाखवला. शंभर टक्क्यांवर ‘सर्वांनी’चा रफार वेगळा, अनुस्वार वेगळा. तळटीपेतला अर्धा चंद्रसुद्धा कळला. यांच्या हॉटस्पॉटवर १२०१ आलं. प्रोसेसर रायझन ५ ७५३०यू. शेजारी ७५२०यूवाला थोडा स्वस्त होता. तो का नको, ते दुकानदाराला सांगता येईना. आणि पहिल्यातच ८ जीबी रॅम की १६ जीबी असे दोन भाव आहेत, फरक साडेतीन हजारांचा. ८ घेऊन पुढे वाढवू का?

नौपाडा_सोल्डर

७५३०यूच घ्या. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २ ही जुनी पिढी, चार कोअर. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, सहा कोअर. पहिले दोन आकडे सारखे, म्हणून लोक फसतात.

रॅमचं असं: त्या पूर्ण नंबराच्या कागदात ‘स्लॉट’ शब्द शोधा. एक स्लॉट मोकळा असेल तर ८ घ्या, नंतर मी लावून देईन. नुसतं ‘सोल्डर्ड’ (बोर्डालाच डाग देऊन बसवलेली रॅम) असेल तर आत्ताच १६ घ्या, ते पुढे कुणालाच वाढवता येत नाही. मलाही नाही.

पैसे देण्याआधी सीलबंद खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा. डेमोपीसचं पॅनेल आणि खोक्यातलं एकच असेल असं नाही. नंबर जुळवा, पूर्ण पांढरं पान उघडून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवा. मेलेला ठिपका असला तर तुम्ही त्याला अनुस्वार समजून खूण कराल. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

खारघर_हिल

ओएलईडीचं डोकेदुखीचं मला माहीत नव्हतं. मलाच रात्री ब्राइटनेस कमी केला की डोळे चुरचुरतात, मी चष्म्याचा नंबर वाढला समजत होतो. दादा, यावर काही उपाय?

नौपाडा_सोल्डर

ब्राइटनेस वरच ठेवा आणि खोलीत दिवा लावा. अंधारात वाचायचं असेल तर कंपनीच्या अॅपमध्ये फ्लिकर कमी करायचं बटण आहे का बघा, असूसच्या ओएलईडीत ते येतं. तरी चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या.

कोपरीचे_काका

मुद्रितवाल्या ताई, जुना लॅपटॉप काढणार असाल तर मला कळवा. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सच्या पावत्या छापायला हवाय, वाय-फाय नसलं तरी चालेल. मी वायर टाकतो.