हेडफोनवर गिटार गढूळ वाजते? हेडफोन बदलू नका, गेनच्या आधीचा बेस काढा

चौथी_तार
डिजिटल मॉडेलरचा (अँप आणि पेडलची नक्कल करणारं यंत्र) आवाज हेडफोनमध्ये गढूळ येतो म्हटलं, की पहिला सल्ला ठरलेला: "चांगले हेडफोन घे." मला हे पटत नाही. त्याच हेडफोनवर गाण्यातला ड्रम आणि बेस स्वच्छ ऐकू येतो ना? मग दोष साखळीत, म्हणजे गिटारनंतरच्या पेडल-अँपच्या रांगेत आहे.
जाड ई तार ८२ हर्ट्झला वाजते. हंबकरमधून (दोन कॉइलचा पिकअप) तो खालचा भाग तसाच हाय गेनमध्ये (आवाज फाटेपर्यंत सिग्नल वाढवणं) घुसला की आधी तोच फाटतो आणि वरच्या सुरांवर पसरतो. म्हणून अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमरसारखं ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह (आवाज फाडणारा नॉब) शून्य, लेव्हल वर. ते खालचा भाग कापतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचं मिड (मधला पट्टा) पुढे आणतं. मेटलवाले उगाच लावत नाहीत.

रात्रपाळी
गाणं स्वच्छ वाटतं, कारण मिक्स करणाऱ्याने गिटारचा तळ आधीच कापलेला असतो. तीच एकटी ऐकलीत तर बारीक वाटेल. तुलनाच चुकीची.
शिवाय आवाज हळू असला की कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. आपण रात्री बेस वाढवून प्रीसेट (नॉबची ठरवलेली मांडणी) सेव्ह करतो, सकाळी मोठ्याने ऐकलं की चिखल. त्यात बंद कपाचे, मुळातच बेस फुगवलेले हेडफोन. कॅबनंतर (स्पीकरच्या पेटीची नक्कल) १०० हर्ट्झचा लो कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा, ३०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवा, झालं.

चौथी_तार
रोग रेड्याला, औषध पखालीला! फाटून मिसळलेला बेस शेवटी कापून वेगळा होत नाही, नुसता हळू होतो.

बाल्कनीतला_बँड
भांडण्याआधी एक बघा राव. काही युनिट हेडफोनच्या आउटपुटला स्वतःच कॅब लावतात, आणि प्रीसेटमध्ये आयआर (खऱ्या कॅबच्या आवाजाचा रेकॉर्ड केलेला ठसा) असतोच. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर विझतो. दोन कॅब एकापाठोपाठ आले की सूर गोधडीत. एक बंद करा.

रिफवाली
पेडल कशाला? अँपचा बेस नॉब ३ वर आणला की काम होतं.

चौथी_तार
ताई, ते अँपवर ठरतं. मेसा मार्क अँपमध्ये टोन नॉब (बेस, मिड, ट्रेबल) गेनच्या आधी, तिथे चालेल. मार्शल जेसीएम ८०० मध्ये ते प्रीअँपच्या (अँपचा पहिला भाग) गेननंतर येतात. मॉडेलरही तीच रचना उतरवतो. तिथे पेडलच.

रात्रपाळी
आणि क्लीन प्रीसेट? नेक पिकअपवर (गिटारच्या मानेकडचा) तोही गढूळ येतो. तिथे काहीच फाटत नाही, मग तुमचा सिद्धांत कुठे गेला?

चौथी_तार
क्लीनचं कारण वेगळं, तिथे जाड तारांकडचा पिकअपचा स्क्रू थोडा फिरवून ती बाजू खाली घ्या. हाय गेनसाठी मात्र पैज लावतो. लूपर (वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) साखळीत सगळ्यात आधी ठेवा, एक पाम म्यूटची (तळहाताने तारा दाबून वाजवलेली) रिफ भरा. मग हात मोकळे ठेवून आधी फक्त अँपच्या आधीचं पेडल चालू करा, नंतर ते बंद करून फक्त शेवटचा लो कट. कुठल्या वेळी सूर सुटे होतात ते ऐका.

रात्रपाळी
ऐकतो. पण घरचे झोपल्यावर, हळू आवाजात. तुम्ही दुपारी मोठ्याने ऐकाल आणि दोघांचे निकाल वेगळे येतील, हे आत्ताच सांगून ठेवतो.