फक्त कामाचे मेसेज

बी-३०२: सेक्रेटरीसाहेब, आज रविवार. पहाटे साडेसहाला मागच्या ग्राउंडवर शिट्ट्या! बघते तर पोलीस ठाण्याची ती व्हॉलीबॉलवाली पोरं. निम्मी आपली नाहीत. गेट कोणी उघडलं?

सेक्रेटरी: वहिनी, पोलिसांना मुलांच्या व्हॉलीबॉलसाठी ग्राउंड द्यायचं मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय. दोन महिने ट्रायल.

डी-१०४: त्या मीटिंगला सात टाळकी होती. एनओसी लेखी दाखवा.

ए-२०१ काका: गेल्या वर्षी टाकीमागे बसून कोण काय ओढत होतं, आठवतंय ना? तेव्हा "पोलिसांना बोलवा" म्हणणारे आपणच. आता ते नेट घेऊन आले तर शिट्टी टोचते.

सी-५०१: टाकीवरून आठवलं, ती धुतली का?

सेक्रेटरी: विषयांतर नको प्लीज 🙏

डी-१०४: एनओसी लेखी दाखवा.

बी-४०३: माझी काळजी वेगळी आहे. आमच्याकडे खेळासाठी ठाण्याचा फॉर्म आलाय. नाव, शाळा, वडिलांचा मोबाइल आणि खाली एक रकाना: "शाळा सोडली असल्यास कारण". उद्या कुठे चोरी झाली की पहिली हीच यादी काढतील ना?

ए-४०२ वकील ताई: प्रश्न रास्त आहे. बाल न्याय कायदा, २०१५, कलम १०७. प्रत्येक ठाण्यात निदान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्यांनाच लेखी विचारू, यादी कशासाठी आणि कोणाकडे राहणार. आणि मुलांशी बोलताना शक्यतो साधा वेश, असं नियमही सांगतात.

ई-६०२: साधाच होता. हवालदार ट्रॅकपँटमध्ये, एका पोराच्या बुटाची नाडी बांधत बसले होते. पोरगं मात्र ताठ, सलामीला उभं असल्यासारखं 😂

डी-१०४: लेखीच विचारताय तर एनओसीचंही विचारा.

ए-२०१ काका: हे काही नवीन खूळ नाही. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी पोरांना खेळायला रस्ते बंद करून दिले होते. केरळात २०१० पासून स्टुडंट पोलीस कॅडेट आहे, २०१८ मध्ये केंद्राने ते देशभर नेलं, आठवी-नववीच्या मुलांसाठी.

डी-१०४: काका, फॉरवर्ड आहे का?

ए-२०१ काका: खात्यात ३१ वर्षं काढली आहेत मी. फॉरवर्ड तुम्ही करता, रोज सकाळी, गुलाबाच्या फुलासकट.

बी-३०२: खेळाला माझा विरोध नाही हो. पण बाहेरची पोरं आत...

सी-५०१: "बाहेरची" म्हणजे? त्यांच्याच आया रोज आपल्या घरी भांडी घासायला येतात. तेव्हा गेट उघडं चालतं.

बी-३०२: वैयक्तिक होऊ नका.

सेक्रेटरी: शांत व्हा सगळे. ठाण्यात फोन लावतो.

(रात्री ९.४०)

सेक्रेटरी: बोललो. ज्या मॅडमनी हे सुरू केलं त्यांची बदली झाली. नवीन साहेब म्हणाले, "बघू". फॉर्म कोणाकडे आहेत, तेही त्यांना माहीत नाही.

बी-४०३: म्हणजे खेळ बंद, आणि यादी तिथेच?

ए-२०१ काका: याचीच भीती होती. बदली झाली की नेट गुंडाळतात. कपाट तेवढं भरत जातं.

ए-४०२ वकील ताई: फॉर्म परत मागायचं पत्र उद्या देते. सह्या लागतील.

बी-३०२: माझी घ्या. पुढच्या रविवारी नेट कोण बांधणार? ते आपल्या मीटर रूममध्येच पडलंय.

डी-१०४: मीटर रूममध्ये?? कोणाच्या परवानगीने?