लॅपटॉप आत्ता घ्यावा की मार्चपर्यंत थांबावे? (एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद आणि त्यावरची चर्चा, डिसेंबर 2025; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

हिशेबनीस

"डिसेंबरात लॅपटॉप घेणारा पैशांचा शत्रू" अशा मथळ्याचे एक टिपण गेले काही दिवस जो तो पुढे ढकलतो आहे. जानेवारी 2026मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात इंटेलच्या पँथर लेक प्रोसेसरची मॉडेल्स दाखल होतील, ती आली की आजच्या मॉडेलांचे भाव आपोआप उतरतील, म्हणून शहाण्याने मार्चपर्यंत खिशात हात घालू नये, असा त्यातला युक्तिवाद आहे. असे सल्ले दरवर्षी येतात आणि मी दरवर्षी ते सोडून देतो. पण या वर्षीचा सल्ला नुसता निरुपयोगी नसून नुकसान करणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रदर्शनात मॉडेल दिसणे आणि ते लातूरच्या दुकानात साठ-सत्तर हजारांत मिळणे यांत बरेच महिने जातात. नवी पिढी आधी लाखाच्या वरच्या मॉडेलांत येते, आणि साठ हजारांच्या रांगेतल्या गिऱ्हाइकाच्या हाती त्या वर्षी बहुधा नव्या नावाचे जुने सामान पडते. एएमडी कंपनीचा रायझन 5 7520यू हा प्रोसेसरच पाहा. सुरुवातीचा सात पाहून माणसाला वाटते की माल 2023चा आहे. पण एएमडीच्या त्या वेळच्या नामपद्धतीत प्रोसेसरची खरी पिढी तिसऱ्या आकड्यात दडलेली असे, आणि तिथला 2 म्हणजे झेन 2, ही रचना 2019 साली बाजारात आलेली. इंटेलचा कोअर 7 150यू जानेवारी 2024मध्ये नवा म्हणून आला, तोही मुळात आधीच्याच रॅप्टर लेक पिढीचा. हे वाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो मार्चपर्यंत नेमक्या कशासाठी थांबणार आहे?

आता या वर्षीचा खरा मुद्दा, म्हणजे मेमरी. जगातली बहुतेक डीरॅम (लॅपटॉपमधली रॅम याच चिपची असते) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या एचबीएम मेमरीत नफा जास्त असल्याने तिघींनीही आपली क्षमता तिकडे वळवली आहे, म्हणून लॅपटॉपची मेमरी महागते आहे. 3 डिसेंबर 2025ला मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्याचा पुरवठा फेब्रुवारी 2026अखेरपर्यंतच होणार आहे. आज दुकानात असलेल्या लॅपटॉपमधली मेमरी जुन्या दराने घेतलेली आहे, मार्चमध्ये येणाऱ्या लॅपटॉपमधली नव्या दराची असेल. ज्याला खरोखर गरज आहे त्याने 16 जीबीचे मशीन आज घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सबुरी

ते टिपण भडक आहे हे मान्य. पण आपण एका घाईवर दुसऱ्या घाईचा उतारा दिला आहे. 3 ऑगस्ट 2023 रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल अशी अधिसूचना काढली, तेव्हाही "आजच घ्या, उद्या मिळणार नाही" असा गजर झाला होता. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी 31 ऑक्टोबरपर्यंत पुढे गेली आणि अखेर प्रकरण आयातीच्या ऑनलाइन नोंदणीवर थांबले. त्या आठवड्यात घाबरून खरेदी केलेल्या माणसांना मी ओळखतो. पुढे त्याच दिवाळीत तेच मशीन सवलतीत पाहून ते चरफडत होते.

थांबण्याचा फायदा होत नाही हेही खरे नाही. मार्च 2024मध्ये ॲपलची एम3 प्रोसेसरची मॅकबुक एअर भारतात 1,14,900 रुपयांना आली, तीही 8 जीबी मेमरीची. ऑक्टोबर 2024मध्ये ॲपलने त्याच किमतीत 16 जीबी द्यायला सुरुवात केली आणि मार्च 2025मध्ये एम4 एअर 16 जीबीसह 99,900 रुपयांना आली. वर्षभर थांबणाऱ्याला पंधरा हजार कमी मोजून दुप्पट मेमरी मिळाली, हा हिशेब हिशेबनीसांच्या वहीत दिसत नाही.

तळ्यातमळ्यात

माझी भाची सांगलीला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सॉलिडवर्क्स (यंत्रांच्या भागांचे आराखडे काढायचे सॉफ्टवेअर) वापरायचे आहे, मेव्हण्यांनी सत्तर हजारांची मर्यादा घातली आहे, आणि हा धागा वाचून मी कालपेक्षा जास्त गोंधळलो आहे. सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही, तेव्हा कृपया मॅकचे नाव काढू नये.

हिशेबनीस

सबुरी, आपण दिलेले आकडे बरोबर आहेत. पण ते मेमरी स्वस्त असतानाच्या काळातले आहेत. आयात परवान्याची अडचण कागदावरची होती आणि ती कागदानेच सुटली. कारखान्यातली मेमरी अधिसूचना काढून वाढत नाही.

दुर्वास

किंमत कोणत्या महिन्यात कमी असते यावर वाद घालणाऱ्यांनी आधी नो-कॉस्ट ईएमआय नावाच्या थापेकडे पाहावे. व्याजाएवढी सूट आधी दिली असे दाखवतात. पण बँक हप्त्यात जे व्याज लावते त्यावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच माथी येतो, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे. 22 सप्टेंबर 2025ला मोठे टीव्ही आणि एसी 28 टक्क्यांवरून 18वर आले, तेव्हा लॅपटॉपही स्वस्त होणार म्हणून आमच्या शेजाऱ्यांनी खरेदी लांबवली होती. लॅपटॉप आधीपासूनच 18 टक्क्यांत होता आणि तिथेच राहिला, हे समजून घेण्याची तसदी मात्र त्यांनी घेतली नाही.

खिळेमोळे

मी लॅपटॉप दुरुस्त करतो, त्यामुळे इथली चर्चा वाचून हसू येते. आज की मार्च यापेक्षा रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, हा प्रश्न शंभर पटींनी महत्त्वाचा आहे. मेमरी महागली असेल तर आज 8 जीबीचे मशीन घेऊन दोन वर्षांनी रॅमची दुसरी स्टिक (स्लॉटमध्ये बसणारी पट्टी) टाकता यायला हवी. पण पातळपणाच्या हव्यासापायी कंपन्यांनी ती सोयच काढून टाकली. इंटेलच्या लूनर लेक प्रोसेसरमध्ये तर मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवली आहे. 16 किंवा 32, जे घ्याल ते जन्मभर.

गेल्या महिन्यात एका मुलीचे मशीन आले. चहा सांडलेला. खालचे स्क्रू काढून, पत्र्याची कड नखाने उचलून आत पाहिले तर एका मेमरी चिपच्या कडेला हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता, बाकी बोर्ड स्वच्छ होता. स्टिक असती तर बदलून तासाभरात मशीन परत दिले असते. कंपनीच्या अधिकृत केंद्राने अख्खा बोर्ड बदलायला मशीनच्या निम्म्याहून जास्त किंमत सांगितली. मी चिप काढून दुसरी बसवली; पण असे चिप लेव्हलचे काम करणारे हात प्रत्येक तालुक्यात नसतात.

विद्युल्लता

खिळेमोळे, आपल्या कौशल्याबद्दल आदर आहे. पण सोल्डर केलेली मेमरी केवळ हव्यासापायी आली हे अर्धसत्य आहे. मी बोर्ड डिझाइनचे काम करते. एलपीडीडीआर5एक्स या सोल्डर होणाऱ्या वेगवान मेमरीच्या वेगाला संदेश स्वच्छ पोहोचवायचा तर प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली तार जितकी आखूड तितकी बरी; स्लॉटच्या जोडणीत तो संदेश बिघडतो. वीजही कमी लागते, आणि बॅटरी दिवसभर टिकते म्हणून आपण ज्या मशीनचे कौतुक करतो त्यांत या मेमरीचा वाटा असतो.

खिळेमोळे

हे कंपन्यांच्या माहितीपत्रकातले वाक्य झाले. तसे असेल तर डिसेंबर 2023मध्ये मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने स्क्रूने बसवता येणाऱ्या मेमरीचे मानक मंजूर केले आणि लेनोव्होने 2024च्या थिंकपॅड पी1मध्ये एलपीसीएएमएम2 ही तशीच मेमरी लावून दाखवली, ती काय जादू होती? करता येते, करायचे नसते.

विद्युल्लता

ते मशीन लाखांच्या घरातले आहे, हे सांगायला आपण सोयीस्करपणे विसरलात. मला एवढेच दिसते की ज्यांचा धंदा स्क्रू काढण्यावर चालतो त्यांना स्क्रू नसलेली प्रत्येक गोष्ट कटकारस्थान वाटते.

खिळेमोळे

धंदा माझा आहे आणि भुर्दंड गिऱ्हाइकाचा. तीन वर्षांत 8 जीबी अपुरी पडली म्हणून चालते मशीन भंगारात देणारी माणसे माझ्या टेबलासमोर बसतात, आपल्या समोर बसत नाहीत. त्यांना तारेची लांबी समजावून सांगायला आपण एकदा जरूर या.

दुर्वास

दोघांनीही पाणी प्यावे. (आणि खिळेमोळे, आपण बोर्डाचे किती घेता ते सांगाल का? विचारतो तो स्वार्थापोटी.)

अटकेपार

आमच्याकडे न्यूजर्सीत थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये बरीच चांगली किंमत मिळते. भारतात येताना अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, तेव्हा नात्यातल्या कुणाकडून तरी मागवावा असे मी सुचवीन.

सबुरी

आणि बिघडल्यावर दुरुस्तीलाही न्यूजर्सीला पाठवावा काय? बऱ्याच घरगुती मॉडेलांची हमी ज्या देशात खरेदी केली तिथेच चालते. नात्यातल्या माणसाच्या बॅगेतून दर डिसेंबरात काय काय येते ते आम्ही पाहिले आहे; पावती मागितली की नाते बिघडते.

मूळ मुद्द्यावर येतो. 2017च्या उन्हाळ्यात मी इंटेलच्या सातव्या पिढीचे मशीन घेतले. ऑगस्टमध्ये आठवी पिढी जाहीर झाली. 2021 साली मायक्रोसॉफ्टने विंडोज 11साठी रेषा आखली ती, थोडे अपवाद सोडता, नेमकी आठव्या पिढीपाशी. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (नियमित सुरक्षा अद्ययावतीकरण) संपला, आणि माझे मशीन टुणटुणीत असूनही बाद ठरले. थोडे महिने थांबणारा माझा सहकारी त्याच दिवाळीत घेतलेल्या मशीनवर आज विंडोज 11 वापरतो. थांबण्याची किंमत शून्य असते असे मी म्हणत नाही, पण न थांबण्याचीही असते.

हिशेबनीस

आपली कथा ऐकून वाईट वाटले. पण ती माझ्याच बाजूची साक्ष आहे. रेषा कुठे पडणार हे 2017 साली मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक असल्याचे दिसत नाही. मग आपण कोणत्या माहितीवर थांबला असता? नंतर कळलेल्या गोष्टीवर आधी निर्णय घेता येत नाही. शिवाय त्या मशीनने आठ वर्षे काम केले. चार महिने वाचवण्यासाठी आठ वर्षांच्या उपयोगाला दूषण देणे मला पटत नाही.

सबुरी

"साक्ष माझ्याच बाजूची" हे म्हणण्याची आपली हातोटी वाखाणण्याजोगी आहे. आपण वकिलीत गेला असता तर सोने झाले असते.

आडवाटेचा

नवे कशाला घेता, हा प्रश्न कुणी विचारत नाही याचे आश्चर्य वाटते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मोठ्या कचेऱ्यांतून परत आलेली मशीन मिळतात. 2018चा थिंकपॅड टी480 आठव्या पिढीचा आहे, रॅमचे दोन स्लॉट आहेत, मागची बॅटरी खालची कळ सरकवून बाहेर ओढता येते. फक्त एक काळजी घ्यावी: टी470 बाहेरून जवळजवळ तसाच दिसतो आणि दुकानदार तोही पुढे सरकवतो. झाकणावरच्या स्टिकरवर विसंबू नये, मशीन चालू करून सिस्टिमची माहिती उघडावी. प्रोसेसर आय5-8250यू किंवा 8350यू असेल तर घ्यावा, 7300यू दिसला तर उठून चालू लागावे.

तळ्यातमळ्यात

सॉलिडवर्क्स टी480वर?

आडवाटेचा

छोटे भाग काढायला चालेल. मोठी जुळणी (अनेक भाग जोडलेला आराखडा) उघडली की पंखा ओरडेल. भाचीला तिसऱ्या वर्षात मोठी जुळणी लागणारच, तेव्हा तिच्यासाठी माझा सल्ला मागे घेतो. इतरांसाठी कायम आहे.

सबुरी

तळ्यातमळ्यात, आपल्या भाचीच्या बाबतीत मी हिशेबनीसांशी भांडणार नाही, कारण तिचे सत्र माझ्या तत्त्वांसाठी थांबणार नाही. सत्तर हजारांत पँथर लेक मार्चमध्ये येईल हे मलाही वाटत नाही. हिशेबनीसांनी याचा अर्थ मी हरलो असा घेऊ नये. ज्यांचे मशीन चालते आहे त्यांनी थांबावे या मतावर मी ठाम आहे. मी स्वतः विंडोज 10ला सुरक्षा अद्ययावतीकरणाची वाढीव मुदत नोंदवून घेतली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्ज साठवायला परवानगी दिली की पैसे पडत नाहीत, आणि ऑक्टोबर 2026पर्यंत सोय होते.

हिशेबनीस

ज्यांचे मशीन चालते आहे त्यांनी घ्यावे असे मी कुठे लिहिले आहे? "ज्याला खरोखर गरज आहे त्याने" ही शब्दयोजना मूळ लेखात आहे, वर जाऊन पाहावी.

तळ्यातमळ्यात

भाचीने माझी वाट न पाहता काल सांगलीतच मशीन घेतले. रायझन 7, वेगळे ग्राफिक्स कार्ड, 16 जीबीची एकच स्टिक आणि दुसरा स्लॉट रिकामा. किंमत मर्यादेपेक्षा थोडी वर गेली, ती मेव्हण्यांना कुणी सांगायची हे अजून ठरलेले नाही. खिळेमोळे, स्लॉट आहे म्हणून आपण खूश व्हाल.

विद्युल्लता

एकच स्टिक असली की मेमरीचा एकच मार्ग वापरात येतो आणि माहितीची वहनक्षमता निम्मी होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यामुळे तिला तितकेसे जाणवणार नाही. पण दुसरा स्लॉट फार काळ रिकामा ठेवू नये.

खिळेमोळे

एवढे मात्र बाईंचे बरोबर आहे. दुसरी स्टिक त्याच वेगाची आणि शक्यतो त्याच कंपनीची घ्यावी, आणि क्रुशलची हवी असेल तर फेब्रुवारी 2026च्या आत. आधीच्या स्टिकवरचे स्टिकर फाडू नये, बऱ्याच कंपन्या त्यावरून हमी नाकारतात.