फटीग स्ट्रेंग्थ: थकवा, श्रांती की शीण? (आणि मुलामा कशाला म्हणावं?)

अनुवादकामाठी: एका कारखान्याची पुस्तिका मराठीत आणतेय. मजकूर असा: ७०७५ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमवर हार्ड अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर आणणं) केलं की फटीग स्ट्रेंग्थ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा भार न तडकता झेलण्याची ताकद, घटते. मी लिहिलं, 'मुलाम्यामुळे मिश्रधातूची थकवाशक्ती कमी होते.' तपासनिसांनी दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारली. शेरा: 'थकवाशक्ती म्हणजे थकवण्याची शक्ती का?' सुचवा काहीतरी, शुक्रवारी द्यायचंय.

शुद्धमती: श्रांतिबल. सुटसुटीत, समासही निर्दोष.

भोसरीकर: श्रांतीमागून विश्रांती येते हो. माणूस झोपून उठला की ताजा, धातूचं तसं नाही. तार पन्नासदा वाकवून ठेवून द्या, महिन्याने परत वाकवा; मागचा हिशोब ती विसरलेली नसते. पोलाद एका मर्यादेखालचा भार जवळजवळ कितीही वेळा झेलतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी ठाम मर्यादाच नाही, भाराच्या फेऱ्या वाढतील तशी ताकद उतरतच जाते. आमच्या वर्कशॉपमध्ये एखादा भाग असा तुटला की सरळ म्हणतात, 'जॉब फटीगने गेला.'

खडकीचा: वडील फौजेत होते. त्यांच्या तोंडी 'फटीक' म्हणजे गवत काप, दगडांना चुना लाव असली कामं. शब्द तोच! तेव्हा परका म्हणून हाकलू नका.

शुद्धमती: मग काय पुस्तिकेत फटीक लिहायचं? त्यापेक्षा शीण घ्या. माझ्या मते तो क्षीणवरून आलाय, झिजण्याचा अर्थ आतच आहे.

भोसरीकर: झीज निराळी, ताई. इथे झिजत काही नाही, चीर पडते. मुलाम्यावरची लाल रेघ मात्र बरोबर. मुलामा वरून चढवतात, कल्हईसारखा. अ‍ॅनोडायझिंगचा थर त्याच धातूतून उगवतो, साधारण निम्मा आत, निम्मा बाहेर. हार्डमध्ये ५० मायक्रॉन, म्हणजे बारीक केसाएवढा. कडक, पण ठिसूळ. भार आला की आधी तो तडकतो आणि खालच्या धातूला चीर आयती मिळते.

पाटावरवंटा: मग पापुद्रा म्हणा की! तोही भाकरीतूनच उगवतो. शिळी भाकरी वाकवून बघा, आधी तोच तडकतो.

भोसरीकर: उपमा झकास, पण पापुद्रा सुटलेला असतो. तो फाटला तरी खालची भाकरी शाबूत. हा थर घट्ट धरून बसलेला, तिथेच घात होतो. म्हणून जपून काम करणारे आधी शॉट पीनिंग करून घेतात. छर्ऱ्यांच्या माराने वरचा धातू दाबलेला राहतो, चिरेला आत शिरणं जड जातं.

अनुवादकामाठी: बरं, मुलाम्याऐवजी 'थर' लिहिते. पण थकवाशक्तीचं काय? 'थकवा सोसण्याची ताकद' चालेल?

शुद्धमती: सोसणं माणसांनी. धातूने कसलं सोसायचं?

पाटावरवंटा: थांबा, आमचा काळा कुकर हार्ड अ‍ॅनोडाइज्ड आहे. धोक्याचा का?

भोसरीकर: कुकरला दिवसातून दोनदा दाब येतो. विमानाच्या पंखासारखे लाखांनी हेलकावे थोडेच बसतात!

खडकीचा: कल्हईवरून आठवलं. आमच्या वाड्यात कल्हईवाला भाता मांडून बसायचा. तापल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, आणि कापसाचा बोळा फिरला की आत चांदी! शब्द अरबी ना?

शुद्धमती: अरबीच. मूळ अर्थ कथील. तुमचा मुलामाही तिकडचाच.

पाटावरवंटा: पुण्यात अजून कुठे करून मिळते? सासूबाईंचं पितळी पातेलं पडून आहे.

खडकीचा: तांबट आळीत विचारा.