भौतिकशास्त्राचा विद्यार्थी-कोश पारखायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार.

कळव्यातील एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून तीन संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलांसमोर अकरावीत हा विषय एकदम इंग्रजीतून येतो. 'अपवर्तन' आकृती काढून समजावून सांगणारी मुलगी 'रिफ्रॅक्शन' हा शब्द पाहून गप्प बसते, तेव्हा तिला विज्ञान नव्हे, फक्त नाव अडलेले असते. म्हणून वर्गणीतून इंग्रजी-मराठी कोशाच्या दहा प्रती घ्यायचे ठरले आणि निवड माझ्याकडे आली. एका कोशाची नमुना प्रत गेले दोन आठवडे मी वाचते आहे. कोशाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न पारखण्याच्या रीतीचा आहे.

सुरुवातीला मी त्वरणाची नोंद काढली. तेथे 'वेग वाढण्याचा दर' एवढेच आहे. स्थानकात शिरताना मंदावणाऱ्या लोकललाही त्वरण असते आणि वळणावरून एकाच चालीने जाणाऱ्या लोकललाही असते, कारण तिच्या वेगाची दिशा बदलते. हे दोन्ही या व्याख्येतून निसटते. मुळात चाल (किती जलद) आणि वेग (किती जलद व कोणत्या दिशेने) यांतला जो फरक मुलांनी नववीतच शिकलेला असतो, तो या कोशात कोठेच पाळलेला नाही.

माझी खरी अडचण मात्र 'विकिरण' या शब्दाची आहे. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत विकिरण म्हणजे स्कॅटरिंग. हवेतील रेणूंमुळे कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरला जातो आणि आकाश निळे दिसते, ते विकिरणामुळे. रेडिएशनला आपण प्रारण म्हणतो, आणि सूर्याची उष्णता पोकळीतून आपल्यापर्यंत येते ती प्रारणाने. हिंदीत मात्र रेडिएशनलाच विकिरण म्हणतात आणि स्कॅटरिंगला प्रकीर्णन. या कोशात दोन्ही नोंदींसमोर 'विकिरण' छापले आहे. संपादकांनी मराठी आणि हिंदी परिभाषा एकत्र केल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री कोश उघडणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? आकाशाची निळाई आणि उन्हाची ऊब ही एकच प्रक्रिया आहे असे तो समजून बसेल, आणि छापील शब्दावरचा त्याचा विश्वास पाहता ती समजूत लवकर सुटणार नाही. हे आढळल्यापासून मी वस्तुमान, वारंवारता, तरंगलांबी, रोध असे, हिंदीतल्या द्रव्यमान, आवृत्ती, तरंगदैर्घ्य, प्रतिरोध यांहून वेगळे असणारे शब्द एकेक करून तपासते आहे. आतापर्यंत ते बरोबर निघाले.

एककांच्या नोंदी जुन्या आहेत. किलोग्रॅमची व्याख्या अजून पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावरच आहे. 20 मे 2019 पासून ती प्लांकचा स्थिरांक या निसर्गातील न बदलणाऱ्या राशीच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर आधारलेली आहे. तापमानाच्या एककासाठी 'अंश केल्विन' हा प्रयोगही ठिकठिकाणी आहे, वास्तविक त्यातील 'अंश' 1967 सालीच वगळण्यात आला. एकके आणि मापन हा अकरावीचा पहिलाच पाठ असल्यामुळे याकडे मला दुर्लक्ष करता येत नाही.

न्यायाने सांगायचे, तर कार्य, विभवांतर (व्होल्टमध्ये मोजतात ते) आणि जडत्व यांच्या नोंदी फार चांगल्या आहेत. डोक्यावर ओझे घेऊन स्थिर उभ्या असलेल्या हमालाने ओझ्यावर केलेले कार्य शून्य का, हे चार ओळींत इतके नेमके सांगितले आहे की मी तो उतारा वर्गात वाचून दाखवला. त्यामुळेच हा कोश सरळ नाकारायला मन होत नाही. मागे मराठी शब्दांची सूची नाही, ही उणीव मला मोठी वाटते, कारण आमची मुले मराठीकडूनच इंग्रजीकडे जातात.

विज्ञान शिकवणाऱ्या किंवा परिभाषेचे काम केलेल्या सदस्यांना माझे विचारणे असे की, 'विकिरण'सारखी एक ठळक चूक कोश बाद करायला पुरेशी मानावी, की दहाही प्रतींत शुद्धिपत्र चिकटवून तो वापरावा? असे घोळ जिथे हमखास होतात, असे आणखी कोणते शब्द तपासावेत? प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश मी शेजारी ठेवते, परंतु मुलांना व्याख्या आणि उदाहरणेही हवीत. एककांच्या नव्या व्याख्या दिलेला असा मराठी कोश कोणी अकरावीच्या वर्गात प्रत्यक्ष वापरला असेल, तर कृपया त्याचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष कळवावे. नमुना प्रत मला येत्या शनिवारी परत करायची आहे.