चर्चा : फील्डची वही आणि संगणकातलं गाव

गाळपेर

परवा एका चर्चेत ऐकलं, "माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याचं संगणकावर मॉडेल करणं म्हणजे खुर्चीत बसून शेती." हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

पाणी, मासे, कुरण, जंगल या ठिकाणी माणूस नियम करतो, निसर्ग त्याला उत्तर देतो आणि ते उत्तर बघून माणूस नियम बदलतो. एक फेरा पुरा व्हायला कधी वीस-तीस वर्षं लागतात. फील्डवर गेलेला अभ्यासक त्यातले दोन-तीन हंगाम बघतो. शिवाय 'नियम वेगळा असता तर काय झालं असतं' हे जमिनीवर करून बघता येत नाही, कारण तिथे लोकांचं पोट आहे. तेवढ्यासाठी तरी मॉडेल लागतंच.

माझं आवडतं उदाहरण बालीतल्या भातशेतीचं. तिथे एका पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांच्या गटाला 'सुबक' म्हणतात, आणि कुणी कधी लावणी करायची हे पाण्याच्या देवळांत ठरतं. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या कार्यक्रमाने 'जमेल तितक्या वेळा भात घ्या' असा आग्रह धरला. देवळांचं वेळापत्रक मोडलं आणि पाठोपाठ तुडतुड्यांनी पिकं बुडवली. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी १९९३ मध्ये दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचं मॉडेल प्रसिद्ध केलं. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली की पुढे शेतंही एकदम रिकामी होतात आणि कीड उपाशी मरते, पण पाणी पुरत नाही. प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावलं की पाणी पुरतं, पण कीड या शेतातून त्या शेतात वर्षभर जगते. सगळ्यात जास्त पीक या दोन टोकांच्या मधे, साधारण देवळांच्या जाळ्याएवढ्या गटांत आलं.

मला खरी मोलाची वाटते ती पुढची पायरी. वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडतो? मॉडेलने सुचवलं, किडीच्या भीतीने: खालच्याला पाणी मिळालं नाही तर तो बरोबरीने लावणी करणार नाही आणि कीड जगत राहील. मग शेतकऱ्यांनाच विचारलं गेलं, की तुम्हाला जास्त धास्ती कशाची, किडीची की पाणीटंचाईची? वरच्यांचा कल किडीकडे होता, खालच्यांचा पाण्याकडे. हा प्रश्न विचारायला हवा हे मॉडेलशिवाय सुचलं असतं असं मला वाटत नाही.

कच्चीनोंद

माझी बरीच वर्षं फील्डवर गेली, म्हणून स्पष्ट लिहिते. बालीच्या याच मॉडेलवर मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन हेल्मराइख यांनी १९९९ मध्ये टीका केली होती, ती तुम्ही सांगितलीच नाही. देवळांची व्यवस्था आपोआप उगवली असं मॉडेल दाखवतं, पण वसाहतीची राजवट, करवसुली आणि सत्तेची भांडणं यांना त्यात जागाच नाही. जे कोडमध्ये लिहिलं नाही ते वाचणाऱ्याच्या लेखी घडलंच नाही, असं होतं.

आता माझ्या वहीतलं. एका घरी मी प्रश्नावली भरत होते. 'लागवडीचा निर्णय कोण घेतं?' नवरा म्हणाला, "मी." रकान्यात 'पुरुष' लिहून मी पुढे गेले. निघताना चपला घालत होते, तर बायको दारात येऊन म्हणाली, "बियाणं माझ्या भावाकडून येतं. तो सांगतो तेव्हा पेरतो." हे मी समासात लिहून घेतलं. संगणकात रकाना गेला, समास वहीतच राहिला. पुढे त्या आकड्यांवर 'कुटुंबाचा निर्णय' या नावाचा एक समीकरणाचा तुकडा तयार झाला आणि सादरीकरणात सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

आणि कॅनडातला कॉड मासा? तिथे मॉडेल होतंच की, तरी मासा संपत आला.

दशांश

कॉडचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, दोन्ही बाजू जोडायला सांगणारं आहे. न्यूफाउंडलंडच्या मॉडेलला मोठ्या ट्रॉलरांचे आकडे मोठा आधार होते, म्हणजे ठरावीक वेळात किती मासा मिळाला. साठा घटला की कॉड पांगत नाही, दाटीने एकत्र राहतो, आणि ट्रॉलर नेमका तो थवा शोधून काढतो. त्यामुळे समुद्र रिता होत असताना जाळं भरलेलंच दिसत राहिलं. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार १९८० च्या दशकात 'मासा कमी झालाय, लहान झालाय' असं सांगत होते. ते म्हणणं वेळेवर हिशेबात आलं नाही. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं.

म्हणजे फील्डची माहिती दोन्हीकडे होती. चुकलं ते कुणाची माहिती मोजायची हे ठरवताना. कच्चीनोंद, तुमचा समास आणि त्या मच्छीमारांचं म्हणणं ही एकाच जातीची गोष्ट आहे. ती आत आणायची की मॉडेलच नको म्हणायचं?

शून्यप्रहर

माझा आक्षेप वेगळा आहे. मॉडेल आणि प्रत्यक्ष आलेख जुळले की आपण फार लवकर खूश होतो. ॲरिझोनातल्या लाँग हाउस व्हॅलीचं मॉडेल प्रसिद्ध आहे. इ. स. ८०० ते १३५० या काळातली तिथली वस्ती, झाडांच्या वलयांवरून काढलेला दुष्काळ, मक्याचं उत्पन्न, सगळं घालून लोकसंख्येचा चढउतार बऱ्यापैकी जुळवला. २००९ मध्ये मार्को यान्सेन यांनी तेच मॉडेल पुन्हा बांधलं, तेव्हा दिसलं की जुळणी मुख्यतः जमीन किती माणसं पोसू शकते या एका गोष्टीमुळे येते. घरांच्या निर्णयांचे बारीक नियम तिथे फारसं काम करतच नव्हते. मग माणसांचं मॉडेल केलं असं कशाला म्हणायचं?

गाळपेर

शून्यप्रहर, मुद्दा मान्य, पण याच मॉडेलची दुसरी बाजू बघा. मॉडेलमध्ये १३०० च्या सुमारास खोऱ्यात थोडे लोक तग धरू शकत होते. प्रत्यक्षात सगळेच निघून गेले. दुष्काळाने जे उलगडत नाही ते नेमकं किती आणि कुठे, हे त्या फरकाने दाखवलं. मला जुळणीपेक्षा ही न जुळणारी जागा जास्त कामाची वाटते. म्हणूनच एका आलेखावर समाधान मानू नये. मासेमारीचं मॉडेल असेल तर एकूण मासा, माशाचा आकार आणि होड्या कोणी विकल्या, हे तिन्ही एकाच वेळी जुळायला हवं. निम्मी माहिती मॉडेल बांधताना बाजूलाही ठेवावी आणि नंतर तिच्यावर मॉडेल तपासावं.

कच्चीनोंद, हेल्मराइख यांची टीका सांगायला हवी होती, ती माझी चूक. तुमचा समास वाचून मात्र माझा एक प्रसंग आठवला. मच्छीमारांसमोर आम्ही मॉडेल पडद्यावर चालवलं. ठिपके समुद्रात जात होते, येत होते. एक म्हातारे काका बराच वेळ गप्प बसले होते. मग पडद्याशी येऊन त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं, "हा रोज एकटाच जातोय. ह्याचं इंजिन बंद पडलं तर ओढून कोण आणणार?" आमच्या होड्या मासा बघून दिशा ठरवत होत्या. त्यांच्या होड्या सोबत बघून ठरवायच्या. आम्ही वर्षभर मुलाखती घेतल्या होत्या, पण हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. चुकीचं चित्र समोर आल्यावर ते तीस सेकंदांत बाहेर आलं.

दशांश

सेनेगल नदीच्या खोऱ्यात फ्रेंच संशोधकांनी हेच पद्धतशीरपणे केलं. सिंचनाच्या मॉडेलचा खेळ मांडला आणि पाणी वापरणाऱ्यांनाच भूमिका देऊन खेळायला बसवलं. नियम खरे की खोटे ते खेळताना कळत गेलं.

कच्चीनोंद

काकांचं बोट मला पटलं. असं होत असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. पण पूर्ण नाही. पडदा बघायला कोण येतं? त्या दिवशी खोलीत बायका किती होत्या? मासा सुकवणाऱ्या, विकणाऱ्या, उधारीचा हिशेब ठेवणाऱ्या कुणी होत्या का? नसतील तर काकांनी दुरुस्त केलेलं मॉडेलही अर्धंच आहे.

माझ्या वह्या मी द्यायला तयार आहे, समासासकट. अट एकच. तुमच्या मॉडेलमध्ये 'घर' हा एकच ठिपका असेल तर नाही देणार. घरात निदान दोन माणसं घाला, त्यांचं म्हणणं वेगळं असू द्या, आणि बियाणं बाहेरून कुणाकडून येतं तेही लिहा. ते चालवून दाखवलंत की त्याच आठवड्यात वह्या पाठवते.